ठिपक्यातली बाई

ताडकळसच्या बाजारपेठेत मन्मथअप्पांचं किराणा-भुसार दुकान आहे. दुकानात कॅमेरा बसवला तेव्हा अप्पांनी पैशाचा भाव केला, तो तर सगळेच करतात. पण त्यांनी दिवसांचाही भाव केला.

परभणीहून आलेला कॅमेरेवाला शिडीवरून उतरून म्हणाला होता, "अप्पा, चित्र साफ ठिवलं तर डब्यात आठवडाभराचं मावतंय. चित्र हलकं केलं तर दोन महिन्यांचं. काय करू?"

"डबा एकच ना?"

"एकच."

"मग ह्यात इचारायचं काय हाय? दोन महिन्यांचं कर."

"चेहरे नीट दिसायचे न्हाईत मग."

"चेहरे मला पाठ हायेत सगळे," अप्पा म्हणाले आणि गादीवर जाऊन बसले. त्याच डब्यात आठपट माल भरून घेतल्याचं समाधान पुढचे कित्येक दिवस त्यांच्या बोलण्यातून जात नव्हतं. समोरच्या हार्डवेअरवाल्या महारुद्रला तर त्यांनी दोनदा सांगितलं. महारुद्रनं आपल्याकडे आठवडाभराचंच ठेवलं होतं. अप्पांच्या हिशेबात तो नुकसानीत गेलेला माणूस होता.

आणि मग एका बाजाराच्या दिवशी भागम्माची लिंगाची डबी हरवली.

दुकानाच्या मागच्या दाराला लागूनच अप्पांचं घर. भागम्मा ही अप्पांची बायको. गळ्यात शिवदोरा, दोऱ्याला चांदीची सुपारीएवढी डबी, डबीत इष्टलिंग. दोन्ही वेळा ते डाव्या तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय तिच्या तोंडात घास जायचा नाही. दुपारी हातपाय धुऊन ती पाटावर बसली, गळ्याशी हात नेला, तर दोरा हाताला लागला आणि डबी नाही. गाठ सुटून दोऱ्याचं टोक पदरात लोंबत होतं.

"अवं," ती दुकानात येऊन म्हणाली. आवाज अगदी बारीक होता. "माझं लिंग न्हाई गळ्यात."

अप्पांनी गिऱ्हाइकाची साखर तागडीतच सोडली. घरात शोधलं, न्हाणीत शोधलं, गादी उचलून बघितली. शिवकांतनं, म्हणजे अप्पांच्या पोरानं, मोबाईलचा उजेड पाडून काऊंटरखालचा केर बघितला. डबी नव्हती.

"सकाळी तुम्ही बँकेत गेल्ता, ह्यो माल उतरवून घ्यायलता," भागम्मा म्हणाली. "दुकानात मीच होते. धा येळा उठले, धा येळा वाकले. कुठं पडलं काय सांगू?"

"तू बस गप. पानी घे घोटभर."

"पानी? लिंग अंगावर न्हाई आन् पानी?"

भागम्माला साखरेच्या आजाराची गोळी असते, ती जेवणानंतरची. जेवण नाही तर गोळी नाही, आणि उपाशी राहिली तर संध्याकाळी तिचे हात थरथरायला लागतात, हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. ती मागच्या दाराशी ज्वारीच्या पोत्यावर बसली आणि उजवा हात गळ्याशी धरून राहिली, जणू तिथं अजून काही धरण्यासारखं होतं.

"आपल्याला शोधायची काय गरज?" शिवकांत एकदम म्हणाला. "कॅमेरा हाय की!"

अप्पांचा चेहरा उजळला. इतके दिवस तो डबा नुसता भरत चालला होता. आज त्याचा उपयोग होणार होता.

पोत्यांत हात घालणं, फळ्या सरकवणं, सगळं तिथंच थांबलं. दोघं बापलेक काऊंटरवरच्या स्क्रीनसमोर बसले. शिवकांतनं सकाळ लावली. स्क्रीनवर दुकान दिसू लागलं; दिसू लागलं म्हणजे हे आपलंच दुकान आहे हे अगोदरच माहीत असल्यामुळे कळत होतं. तागडी म्हणजे एक चमकणारा ठिपका. पोती म्हणजे तपकिरी डाग. माणसं आत आली की डाग हलायचे, गेली की स्थिर व्हायचे. एकदा अप्पा "हे बघ, हे बघ" म्हणून ओरडले, तेव्हा ते मांजर निघालं.

"ह्यात डबी दिसंल का रे?" अप्पांनी विचारलं.

"बघू की."

"सुपारीएवढी हाय ती."

"अप्पा, ह्यात टरबूज दिसना झालंय."

अप्पांना राग आला, पण कोणावर काढावा हे ठरेना. कॅमेरेवाल्यावर काढावा तर त्यानं विचारलं होतं.

आणि मग ती बाई दिसली.

फिकट साडीतली एक बाई गिऱ्हाइकाच्या बाजूला, तुरीच्या डाळीच्या उघड्या पोत्यापाशी वाकली. जरा वेळ वाकूनच राहिली. उठली. उठताना तिचा हात कंबरेकडे गेला. मग ती डाग होऊन चौकटीबाहेर गेली.

"थांब!" अप्पा म्हणाले. "मागं घे. हां. हितं. काय केलं तिनं?"

"कंबरेला काय तरी खोचलं," शिवकांत म्हणाला.

त्यानं चित्र थांबवलं. मोठं केलं. मोठं केलं तशी बाई राहिली नाही, चौकोन राहिले. चेहऱ्याच्या जागी तीन-चार चौकोन, एक काळसर, बाकीचे गव्हाळ. आणखी मोठं केलं तर स्क्रीनभर एकच राखाडी चौकोन आला. त्या चौकोनाकडे दोघंही डोळे ताणून बघत बसले. त्याच्या आत कुठंतरी डबी बसली असावी आणि टोकरली तर बाहेर येईल, अशा हिशेबानं अप्पांनी तर स्क्रीनवर नखानं खरवडूनही बघितलं.

तेवढ्यात महारुद्र आला. बाजाराच्या दिवशी त्याच्या दुकानात गर्दी असते, पण दुसऱ्याच्या दुकानात काही घडत असलं की त्याला वेळ असतो.

"काय चाललंय अप्पा? सिनेमा?"

सांगितलं. महारुद्र चष्मा कपाळावर सारून स्क्रीनला नाक लावून उभा राहिला.

"डबी हाय हातात," तो ठासून म्हणाला.

"दिसली तुला?"

"ही काय. ही पांढरी."

"ती तागडी हाय."

"तागडीच्या अलीकडं, अप्पा. जरा डोळे बारीक करा."

अप्पांनी डोळे बारीक केले. आणि काय सांगावं, त्यांनाही दिसली. शिवकांतला दोऱ्याचं टोकसुद्धा दिसलं. माणसाला जे हवं असतं ते बसायला साफ चित्रात जागा नसते. ह्या चित्रात भरपूर होती.

"बाई कोण पर?" अप्पा म्हणाले.

"ग्रुपवर टाका. वळखील कोणी तरी."

शिवकांतनं स्क्रीनचा मोबाईलवर फोटो काढला आणि 'ताडकळस व्यापारी मित्र' ह्या ग्रुपवर सोडला. खाली लिहिलं: ही बाई कोण आहे? आमच्या दुकानातून वस्तू गेली आहे. फोटोचा फोटो, त्यात मोबाईलनं तो दाबून आणखी बारीक केला. अगोदर जिला निदान डोकं आणि पदर होता, ती आता उभ्या केलेल्या रजईसारखी दिसत होती. पण चित्र जसजसं फिसकटत गेलं तसतशी लोकांची खात्री वाढत गेली. एकानं लिहिलं, ओळखीची वाटते. दुसऱ्यानं लिहिलं, शाळेतल्या मॅडम का? तिसऱ्यानं प्रश्नचिन्ह काढून टाकलं आणि नाव घातलं.

सत्यशीला खिल्लारे. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणाऱ्या, बौद्धवाड्यात राहणाऱ्या. अप्पांच्या नातीला पाढे त्यांनीच शिकवले होते.

"आल्त्या खऱ्या सकाळी," भागम्मा पोत्यावरून म्हणाली. "डाळ दातानं फोडून बघितली त्यांनी. पर त्या न्हाईत असल्या."

"तुला काय कळतंय? कॅमेऱ्यात हाय," अप्पा म्हणाले.

भागम्मानं ओठांवरून जीभ फिरवली. ओठ कोरडे पडले होते. अप्पांनी ते बघितलं आणि परत स्क्रीनकडे वळले. पुढं करायचं काय, हे त्यांना सुचत नव्हतं. मॅडमच्या घरी जावं तर काय तोंडानं जावं? न जावं तर बायको उपाशी. म्हणून ते पुन्हा पुन्हा तेच चित्र लावत राहिले. बाई वाकायची, उठायची, कंबरेला हात न्यायची. दर वेळी त्यांना वाटायचं की ह्या वेळी जरा साफ दिसेल.

शाळा सुटल्यावर सत्यशीलाबाई स्वतःच आल्या. खांद्याला पर्स, हातात मोबाईल. दुकानातली दोन गिऱ्हाइकं आपोआप बाजूला झाली आणि मग घरी जायचं विसरली.

"अप्पा," त्यांनी मोबाईल समोर धरला. "ही मी हाय का?"

अप्पांनी आपला चष्मा पुसला. चष्म्याचा काही दोष नव्हता.

"बसा ना मॅडम. शिवकांत, इस्टूल दे."

"फोटो पाठवताना मला इचारलं न्हाई. आता बसा कामून म्हणायलात?"

"मी न्हाई हो नाव घेतलं. ग्रुपवर कोणी तरी..."

"माझा सिद्धोधन परभणीला कामाला हाय. त्याला हा फोटो पोखर्णीच्या कोणा दोस्तानं पाठवला. मला फोन करून म्हणतोय, मम्मी, ही तू हायेस का?" त्यांनी फोटोवर बोट ठेवलं. "पोटच्या पोराला मी काय सांगू? ह्यात नाक न्हाई, डोळा न्हाई, साडीला रंग न्हाई. ह्यात माझं काहीच न्हाई, म्हणून मी न्हाई हे बी सिद्ध करता येईना."

महारुद्र हळूच दाराकडे सरकला होता.

"महारुद्रभाऊ, थांबा. तुमाला डबी दिसली म्हणे."

"मी आपलं... उजेडात तसं वाटलं."

"सकाळपासून हितं किती बायका आल्या, अप्पा? माझंच नाव कसं वर आलं?"

भागम्मानं दुपारी सांगितलेल्या बायकांची अप्पांनी मनातल्या मनात उजळणी केली. पाटलांची सून आली होती. सोनाराची आई येऊन तासभर बसली होती. मेडिकलवाल्याची बायको त्याच पोत्यापाशी उभी राहून फोनवर बोलली होती. त्यांतलं एकही नाव ग्रुपवर निघालं नव्हतं. का निघालं नव्हतं, हे अप्पांना चांगलं कळत होतं. सत्यशीलाबाईंनाही कळत होतं. दुकानात कोणी त्यावर बोललं नाही.

"मला तुमच्या मशीनवर दाखवा," बाई म्हणाल्या. "मोबाईलमधलं नको. मूळ दाखवा."

शिवकांतनं लावलं. सगळे स्क्रीनभोवती गोळा झाले. गिऱ्हाइकंसुद्धा. बाई वाकली, आणि नेमकं तिथं शिवकांतनं चित्र थांबवून मोठं केलं. चौकोन आले.

"ह्ये बघा, हा हात," महारुद्र म्हणाला. पुन्हा पुढं आला होता.

"हा हात हाय का?" सत्यशीलाबाई म्हणाल्या. "मला तर ही भिंत वाटायली."

"मोठं कर अजून."

"मोठं करून काय व्हतंय? हाय तेच फाटायलंय!"

"जरा उजेड वाढव की रे."

"उजेड वाढवला तर समदंच पांढरं व्हतंय, अप्पा!"

"मग कमी कर!"

"केला! आता समदं काळं!"

शिवकांतनं माऊस आपटला. अप्पांनी त्याच्याकडे बघितलं, तो फिरून त्यांच्याकडे बघून म्हणाला, "दोन महिन्यांचं ठिवा म्हणलं कोण? घ्या आता दोन महिन्यांची रजई!"

"अरे..."

"सरका जरा," मागच्या दाराकडून आवाज आला.

भागम्मा पोत्यावरून उठली नव्हती. एवढ्या लांबून सगळ्यांच्या पाठीच तिला दिसत होत्या. पाठी बाजूला झाल्या.

"बारीक कर ते. हाय तसं. आन् थांबवू नको, चालू दे."

"आई, तुला तिथून काय दिसणार?"

"चालू दे म्हणते ना."

चित्र चालू झालं. लांबून, त्या चौकोनी डब्यात, लहानशी बाई चालत आली. डावा पाय जरा ओढत. पोत्यापाशी थांबली, एक हात गुडघ्यावर ठेवून खाली गेली. जमिनीवरचं काहीतरी गोळा करून पोत्यात टाकू लागली. उठताना तिनं हात कंबरेवर दाबला आणि क्षणभर तशीच उभी राहिली.

आता सगळेच लांबून बघत होते, आणि एकदा बघितल्यावर दुसरं कोणी दिसायला तयार नव्हतं.

"ती मी हाय," भागम्मा म्हणाली. "मेडिकलवालीनं डाळ सांडली. ती भरायला मी पलीकडं गेल्ते. कंबर धरली माझी."

शिवकांतनं माऊसवरचा हात काढला.

"अवं," ती नवऱ्याला म्हणाली, "आपल्या बायकोची चाल वळखू येईना व्हय तुमाला?"

साडीचा रंग उडाला होता हे खरं, चेहरा नव्हता हे खरं. पण तो ओढता पाय अप्पा रोज ऐकत होते. स्वयंपाकघरातून दुकानापर्यंत चहा घेऊन तो येई. आणि अख्खी दुपार ते नाक लावून त्या बाईच्या कंबरेत चोरी शोधत बसले होते.

शिवकांतनं तोवर पोतं ओढलं आणि ताडपत्रीवर उलटं केलं. डाळ पसरली. दोन्ही हातांनी चाळता चाळता त्याच्या बोटांना डबी लागली. डाळीची पिवळी पूड लागलेली, झाकण घट्ट बंद. त्यानं ती दोन्ही हातांनी आईच्या ओंजळीत ठेवली.

भागम्मानं डबी कपाळाला लावली. डोळ्यांत पाणी आलं ते तिनं पुसलं नाही.

"चल, आता पूजा कर आन् घास खा," अप्पा घाईघाईनं म्हणाले. "गोळी घ्यायची हाय. मॅडम, झालं-गेलं सोडून द्या. चहा टाकायला सांगतो."

"कशाचा चहा?" भागम्मा म्हणाली. ती जागची हलली नव्हती. "लिंग हातावर घेऊन मी डोळे मिटणार, आन् ह्या बाईच्या नावावर माझ्या घरातून चोरी लागलेली. मन लागंल का माझं पूजेत? तुम्ही जिथं बोलला तिथं आधी निस्तरा. मग बसते मी."

"उद्या टाकतो की ग्रुपवर निवांत."

"मग उद्या जेवते."

तिचा हात थरथरायला लागला होता. डबी बांगड्यांवर बारीक वाजत होती. अप्पांनी मोबाईल उचलला. त्यांना लिहायला जमत नाही, ते बोलून पाठवतात. बटण दाबून त्यांनी घसा साफ केला.

"तर... समद्या व्यापारी मित्रांना कळवण्यात येतं की दुपारच्या फोटोबाबत जरा गैरसमज झालेला हाय..."

"कोणाचा?" सत्यशीलाबाईंनी विचारलं.

अप्पांनी बोललेलं पुसलं आणि बटण परत दाबलं.

"दुपारच्या फोटोबाबत आमचा गैरसमज झाला. वस्तू घरातच सापडली हाय. तरी संबंधितांनी..."

"संबंधित कोण? दुपारी तर नाव होतं मला."

पुसलं. दुकानाबाहेर आता बाजारातली माणसं रेंगाळू लागली होती. भाजीच्या पिशव्या हातात तशाच. महारुद्र निसटून समोर आपल्या दुकानात जाऊन बसला होता आणि मोबाईल हातात घेऊन इकडेच बघत होता. कोणाला दोन शब्द कमी देऊन सुटता येतं का, हे अप्पा आयुष्यभर बघत आले होते. आज समोरची बाई मापाला पक्की होती, आणि मागं बायको उपाशी बसली होती.

त्यांनी तिसऱ्यांदा बटण दाबलं.

"मी मन्मथअप्पा बोलतोय. दुपारी माझ्या दुकानातून जो फोटो गेला, ती बाई माझीच बायको होती. मी तिला वळखलं न्हाई. सत्यशीला सीताराम खिल्लारे मॅडमचं नाव फुकट घेतलं गेलं. त्यांचा काही एक संबंध न्हाई. चूक माझी हाय. मी त्यांची माफी मागतो. ज्यांनी ज्यांनी फोटो पुढं पाठवला, त्यांनी हे बी पुढं पाठवावं."

बोट सुटलं. निरोप ग्रुपवर गेला. सत्यशीलाबाईंनी मान हलवली. बरं म्हणाल्या असंही नाही, नाही म्हणाल्या असंही नाही. मोबाईलकडे बघत उभ्या राहिल्या. भागम्मानं दोऱ्यात डबी ओवून गाठ मारली, एकीवर दुसरी, आणि पाण्याचा तांब्या जवळ ओढला.

ग्रुपवर आधी दोन अंगठे आले. एकानं विचारलं, कोणती बाई? आणि मग समोरच्या दुकानातून महारुद्रचा निरोप आला: अप्पा, बाजाराचा लय गोंगाट आहे मागे. नाव काय घेतलं ते कळंना. परत पाठवा.

खरोखर कळलं नव्हतं, की बाजाराच्या दिवशी हे दुसऱ्यांदा ऐकायची महारुद्रला हौस आली होती, ते त्याचं त्यालाच ठाऊक. समोरून तो निर्विकार चेहऱ्यानं बघत होता.

"मोठ्यानं म्हणा," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "नाव सावकाश घ्या."

"झालं का न्हाई?" भागम्मानं मागून विचारलं. तांब्यावरचा तिचा हात तसाच होता.

"व्हायलंय," अप्पा म्हणाले आणि परत बटण दाबलं.